व्हर्जिनिया सिटी, पण कुठली? अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतले टपालाचे शिक्के जमवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेवाडातल्या रीनोजवळच्या एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, तुम्हाला एक जुनं पाकीट दिसलं. त्यावर तीन सेंटचं हिरवं तिकीट आहे आणि डावीकडे ‘व्हर्जिनिया सिटी’ असा काळा गोल शिक्का. शिक्क्यात महिना आणि दिवस आहे, वर्ष नाही. खालच्या बाजूला राज्याचं नाव फिकं उमटलंय, त्यातलं फक्त ‘एन’ हे अक्षर वाचता येतं. विकणारा 350 डॉलर मागतोय आणि ‘फ्रंटियर काळातलं दुर्मिळ’ असं सांगतोय. घ्यावं का? आणि महिन्याला पन्नास डॉलर बाजूला काढून या छंदाची सुरुवात कुठून करावी?

मी सव्वीस वर्षं डेन्व्हरच्या आसपास राहते. कोलोरॅडो, मोंटाना आणि ॲरिझोना ही राज्यं होण्याआधी टेरिटरी, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या ताब्यातले प्रदेश होती, त्या काळातली पाकिटं जमवते. तुमच्यासारखे प्रश्न मला वरचेवर येतात. ‘हे जुनं आहे का’ असं लोक विचारतात. जुनं तर ते असतंच. खरे प्रश्न दोन आहेत. पाकिटावरच्या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का? आणि त्या गावातून त्या वर्षांत किती पत्रं गेली, त्यातली किती आज उरली असतील? या दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ‘दुर्मिळ’ हा शब्द मी कुणाच्याही तोंडून खरा मानत नाही.

आधी तुमच्या तिकिटाकडे बघू, कारण ते बरंच बोलतं. अमेरिकेत तीन सेंटची तिकिटं 1851 पासून आहेत, पण त्यांचे रंग बदलत गेले. 1851 चं तांबूस, 1861 चं गुलाबी, 1869 चं निळं आणि त्यावर रेल्वेचं इंजिन. वॉशिंग्टनचं डोकं असलेलं हिरवं आलं 1870 मध्ये. दुसरीकडे 1 ऑक्टोबर 1883 पासून साध्या पत्राचा दर तीन सेंटवरून दोन सेंटवर उतरला. म्हणजे एकच हिरवं तिकीट लावलेलं साधं पत्र बहुतेक 1870 ते सप्टेंबर 1883 याच काळातलं. दर उतरल्यावर घरात उरलेलं तीन सेंटचं तिकीट कुणी लावलं असेल तर तो अपवाद. शिक्क्यात वर्ष नसलं तरी आपण तेरा वर्षांच्या चौकटीत आलो.

आता ते ‘एन’. व्हर्जिनिया सिटी नावाची दोन गावं त्या काळात गाजत होती. एक नेवाडातलं, 1859 मध्ये सापडलेल्या कॉमस्टॉक चांदीच्या शिरेवर वसलेलं. दुसरं मोंटानातलं, 1863 मध्ये ॲल्डर गल्चला सोनं सापडल्यावर उभं राहिलेलं आणि 1865 ते 1875 मोंटाना टेरिटरीची राजधानी असलेलं. पहिल्याच्या शिक्क्यात खाली ‘एन ई व्ही’, म्हणजे नेवाडाचा संक्षेप येतो. दुसऱ्यात ‘एम ओ एन’, म्हणजे मोंटानाचा संक्षेप, किंवा नुसतं ‘एम टी’, म्हणजे मोंटाना टेरिटरी. ‘एन’ हे अक्षर दोघांत आहे: नेवाडात पहिलं, मोंटानात शेवटचं. त्यामुळे ते कुठलं अक्षर आहे एवढं पाहून भागत नाही, ते वर्तुळात कुठे बसलंय ते बघायचं. शिक्क्याच्या खालच्या ओळीचा मध्य धरा. ‘एन’ मध्याच्या डावीकडे असेल तर पुढे दोन अक्षरं पुसली गेली आहेत, म्हणजे नेवाडा. उजवीकडे असेल तर दोन अक्षरं आधी गेली आहेत, म्हणजे मोंटाना. अगदी मध्यावर वाटलं तर घाई करू नका. मोंटानाच्या पुढे टेरिटरीचाही संक्षेप असू शकतो.

हे डोळ्यांनी ठरवणं अवघड जातं, म्हणून मी काय करते ते सांगते. पाकीट टेबलावर सपाट ठेवून दिवा बाजूने, अगदी खालून तिरका धरते. धातूचा शिक्का जोरात मारलेला असेल तर शाई उडून गेलेल्या जागीही कागदात हलकी खोच राहते आणि तिरक्या उजेडात तिची सावली पडते. मग मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवते. शेवटी बटर पेपरवर त्या वर्तुळाचा घेर, बाहेरच्या कडेपासून अक्षरांचं अंतर आणि वाचता येणारं प्रत्येक अक्षर पेन्सिलीने उतरवून घेते आणि त्याच गावाच्या नक्की माहीत असलेल्या शिक्क्याच्या त्याच मापात छापलेल्या चित्रावर ठेवून बघते. ‘व्हर्जिनिया’मधला पहिला ‘व्ही’ आणि ‘सिटी’मधला शेवटचा ‘वाय’ जागेवर बसले की खालची अक्षरं कुठे असायला हवीत ते आपोआप कळतं. या कामाला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मी शिक्का जितका नीट बघते तितका एरवी कधीच बघत नाही.

पत्ता आणि मागची बाजूही बघा. नेवाडाच्या खाणींच्या कंपन्या आणि त्यांच्या शेअरचे दलाल सॅन फ्रान्सिस्कोला होते, त्यामुळे तिथल्या पत्त्याचं पाकीट नेवाडाकडे बोट दाखवतं. पण हा पुरावा नाही, नुसता कल आहे. आत पत्र असेल तर त्याच्या माथ्यावर गाव आणि तारीख असते. पत्र नसेल तर पाकिटाच्या डाव्या कडेला, उभं किंवा आडवं, पत्र मिळालेल्या माणसाने ‘अमुक तारखेला मिळालं, उत्तर दिलं’ असं शाईने लिहिलेलं आहे का ते शोधा. व्यापारी लोकांना ती सवय होती आणि कित्येकदा वर्ष फक्त तिथेच सापडतं.

समजा नेवाडा निघालं. मग ‘टेरिटरी’चा प्रश्नच मिटला. नेवाडाची टेरिटरी झाली मार्च 1861 मध्ये (त्याआधी ते गाव यूटा टेरिटरीत होतं) आणि राज्य झालं 31 ऑक्टोबर 1864 ला. तुमचं तिकीट त्यानंतर सहा वर्षांनी आलंय. विकणारा लेखक मार्क ट्वेनचं नाव घेईल, घेतातच सगळे. त्याने हे टोपणनाव 1863 मध्ये याच गावच्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा वापरलं हे खरं, पण 1864 मध्ये तो गाव सोडून गेला होता. शिवाय 1870 च्या दशकात नेवाडाची व्हर्जिनिया सिटी आडगाव राहिली नव्हती. शेजारच्या गोल्ड हिलसकट वीस हजारांच्या वर माणसं, बँका, दैनिकं, 1870 पासून दारात रेल्वे. रोज पोतीच्या पोती टपाल निघत असणार. ती पाकिटं आजही नियमित विक्रीला येतात. असं साधं पाकीट मी 350 ला घेणार नाही. ठसा स्वच्छ असेल आणि पाकीट फाटलेलं नसेल तर शंभराच्या आत विचार करीन, तोही तुम्हाला गाव आवडत असेल तरच.

मोंटाना निघालं तर गोष्ट बदलते. मोंटाना 8 नोव्हेंबर 1889 पर्यंत टेरिटरीच होती, म्हणजे 1870 ते 1883 मधलं कुठलंही पाकीट टेरिटरीचंच. गाव लहान, सोनं ओसरत चाललेलं, आणि 1869 नंतर टपाल यूटामधल्या कोरीन स्टेशनापर्यंत घोडागाडीने जाऊन तिथून रेल्वेला मिळायचं. नेवाडाच्या मानाने ही पाकिटं बरीच कमी आहेत आणि मोंटानावाले संग्राहक आपल्या राज्याच्या बाबतीत फार जिव्हाळ्याचे असतात. तरीही राजधानीचं गाव असल्याने अगदी मिळतच नाही अशातला भाग नाही. किंमत ठशाच्या स्वच्छतेवर आणि वर्ष सिद्ध होतं का यावर बरीच हलते.

याच जागी नवी माणसं हमखास फसतात: गाव दुर्मिळ असणं आणि शिक्का दुर्मिळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातलं बोडी बघा. आज ओस पडलेलं, सरकारने जपलेलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले. पण तिथलं पोस्ट 1877 ते 1942 चाललं आणि ऐन भरात गावात हजारोंनी माणसं होती. उलट कुण्या गुराख्याच्या वाड्यावर, एका खोलीत, आठ-दहा महिने चालून बंद झालेलं पोस्ट असतं. त्याचा एखादाच ठसा उरलेला असतो आणि त्याला गिऱ्हाईक मात्र दोनच असतात. दुर्मिळता पत्रांच्या संख्येवर ठरते, किंमत मागणीवर.

पत्रांच्या संख्येचा अंदाज बांधायला मी सरकारी नोंदी वापरते. अमेरिकी सरकारच्या नोकरांची एक अधिकृत यादी दर दोन वर्षांनी छापली जायची. तिच्यात प्रत्येक पोस्टमास्तरचं नाव आणि वर्षाचा मेहनताना आहे. लहान पोस्टाच्या मास्तरला 1870 च्या दशकाच्या शेवटापासून त्याने रद्द केलेल्या तिकिटांच्या हिशोबाने पैसे मिळत. म्हणजे ज्याला वर्षाला बारा डॉलर मिळाले त्याच्या हातून किती थोडी पत्रं गेली असतील, बघा. या याद्या स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात. पोस्ट कधी उघडलं, कधी बंद झालं, मास्तर कोण होता, हे राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नेमणुकीच्या नोंदवह्यांत सापडतं. कुठलंही महाग पाकीट घेण्याआधी मी हे दोन्ही उघडते. शिक्क्यावरची तारीख पोस्ट उघडण्याआधीची निघाली तर पुढचं काही बघायचं कारणच उरत नाही. एक मात्र या नोंदींतून कळत नाही. एखाद्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर अख्खा पत्रव्यवहार सापडतो आणि काल दुर्मिळ असलेल्या गावाची चाळीस पाकिटं एकदम बाजारात येतात. हे माझ्या आवडत्या गावाच्या बाबतीत झालंय. तिथे इलाज नाही.

टेरिटरीच्या बदलत्या सीमांमुळे हा छंद मला धरून ठेवतो हेही सांगायला हवं. डेन्व्हर घ्या. आधी ते कॅन्सस टेरिटरीत होतं, शिक्क्यात ‘डेन्व्हर सिटी, के टी’ यायचं. 29 जानेवारी 1861 ला कॅन्सस राज्य झालं आणि त्याची पश्चिमेची सीमा अलीकडे ओढली गेली. कोलोरॅडो टेरिटरी झाली 28 फेब्रुवारीला. मधला एक महिना डेन्व्हर कुठल्याच टेरिटरीत नव्हतं! मग ‘सी टी’, म्हणजे कोलोरॅडो टेरिटरी, आलं, आणि 1 ऑगस्ट 1876 नंतर राज्य. शायेनचंही तसंच: 1867 मध्ये रेल्वेबरोबर वसलं तेव्हा डाकोटा टेरिटरी, वर्षभरात वायोमिंग टेरिटरी. नवीन शिक्का यायला वेळ लागे, म्हणून राज्य झाल्यावरही जुन्या टेरिटरीच्या शिक्क्याने पत्रं जात राहिली. तेव्हा तारीख आणि शिक्का यांत थोडी तफावत दिसली की लगेच ‘खोटं’ म्हणू नका. उशिराचा वापर शक्य असतो. आधीचा शक्य नसतो.

हे आधी-नंतरचं गणित मी पैसे घालवून शिकले. सुरुवातीच्या दुसऱ्याच वर्षी मी ॲरिझोनातल्या टूमस्टोनचं एक पाकीट घेतलं. शिक्का झकास, ‘ए टी’, म्हणजे ॲरिझोना टेरिटरी, स्पष्ट, आणि तारीख ऑक्टोबर 1881. टूमस्टोनमधला ओ. के. कोरलचा प्रसिद्ध गोळीबार 26 ऑक्टोबर 1881 चा. ती तारीख वाचली आणि मी बाकी काही पाहिलंच नाही. त्या वेळी माझ्या मानाने रक्कम मोठी होती. तीन महिन्यांनी एका वयस्कर संग्राहकाने ते हातात घेतलं, भिंगसुद्धा न लावता तिकिटावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे तिकीट कधी निघालं?” दोन सेंटचं तपकिरी-लाल वॉशिंग्टन. ते निघालं 1 ऑक्टोबर 1883 ला. दोन वर्षांनी जन्मलेल्या तिकिटावर 1881 चा शिक्का. कुणीतरी खऱ्या जुन्या पाकिटावर खोटा शिक्का मारला होता आणि गिऱ्हाईक भुलेल अशीच तारीख निवडली होती. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, मागे पेन्सिलीने ‘खोटा शिक्का’ असं लिहून, म्हणजे माझ्यानंतर ते पुन्हा बाजारात खरं म्हणून जाणार नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: तिकीट कधीचं, दर बरोबर आहे का, पोस्ट तेव्हा उघडं होतं का, टेरिटरीचं नाव बसतं का, आणि सगळ्यात शेवटी शिक्का देखणा आहे का. त्याशिवाय शिक्का तिकीट आणि पाकीट दोहोंवर सलग पसरलाय का ते पाहते. 1860 नंतर गावाच्या शिक्क्याने तिकीट रद्द करायला मनाई होती, त्यामुळे गोल शिक्का बाजूला आणि तिकिटावर वेगळा काळा ठसा असतो. तो अनेकदा बुचावर कोरलेला, चांदणी, फुली किंवा नुसते काप. पुढे दोन्ही एकाच दांड्यावर बसवलेले जोडशिक्के आले. तुमच्या पाकिटावर गोल शिक्का डावीकडे आणि तिकिटावर वेगळा ठसा असेल तर ते काळाला धरून आहे. तो ठसा तिकिटाच्या कडेवरून पाकिटावर उतरतो तिथे तुटलाय का, सरकलाय का, ते भिंगाने पाहा. तुटला असेल तर तिकीट नंतर चिकटवलंय.

लांबट गोलात वेल्स फार्गोचं नाव असलेला शिक्काही तुम्हाला भेटेल. तो सरकारी पोस्टाचा नव्हे. ही कंपनी 1852 पासून, सरकारी तिकिटाचे पैसे भरूनच, स्वतःच्या गाड्यांनी पत्रं नेत असे. 1895 पर्यंत हे चाललं. तो स्वतंत्र आणि सुंदर विषय आहे, पण सुरुवातीला दोन्हींची गल्लत करू नका.

तज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्यावं का? पेनसिल्व्हेनियातली अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन, दोन्हीकडे पाकीट तपासून मिळतं. मोठ्या किमतीचं असेल तर जरूर घ्या, आणि ‘प्रमाणपत्र विरुद्ध आलं तर पैसे परत’ हे विकणाऱ्याकडून आधी लिहून घ्या. पन्नास-साठ डॉलरच्या पाकिटाला ती फी परवडत नाही. तिथे वरचा क्रमच कामाला येतो.

आता तुमचे महिन्याचे पन्नास डॉलर. एवढ्यात 1860 च्या दशकातली चांगली पाकिटं येत नाहीत, आणि स्वस्तात येतात ती फाटकी किंवा संशयाची. मी तुमच्या जागी असते तर एकच जिल्हा, म्हणजे इथली काउंटी, निवडली असती आणि 1900 ते 1915 मधल्या पोस्टकार्डांपासून सुरुवात केली असती. नेवाडात तेव्हा टोनोपा आणि गोल्डफिल्डची नवी धावपळ चालू होती, त्यामुळे गावं तितकीच कच्ची आणि पोस्टं तितकीच अल्पायुषी. त्या कार्डांवर एक खास शिक्का शोधा, संग्राहक त्याला डोन म्हणतात. टपाल खात्याने तो 1903 पासून लहान पोस्टांना दिला. गोल शिक्क्याच्या उजवीकडे आडव्या रेघा असतात आणि रेघांत एक आकडा. तो आकडा मास्तरच्या आदल्या वर्षीच्या मेहनतान्यावरून, दर शंभर डॉलरला एक पायरी या हिशोबाने ठरलेला असायचा. ‘1’ दिसला की समजायचं, या मास्तरला वर्षाला शंभर डॉलरही सुटत नव्हते. हातात धरलेल्या कार्डावरच त्या पोस्टाचा आकार लिहिलेला! अशी कार्डं अजून दहा-पंधरा डॉलरला मिळतात, आणि मागे खाणीचा खरा फोटो असेल तर थोडी जास्त.

पहिले सहा महिने मात्र फक्त बघा. लिलावांची जुनी पानं चाळा, विकलेल्या किमती टिपून ठेवा, शिक्के बटर पेपरवर उतरवा. वेस्टर्न कव्हर सोसायटीसारख्या संस्थेत नाव नोंदवा; तिथली जाणती माणसं नवख्यांना मनापासून मदत करतात.

आणि एक कळकळीची विनंती. आपण लहानपणी ताटलीत पाणी घेऊन पाकिटाचे तुकडे भिजत घालायचो आणि तिकिटं सोडवून वर्तमानपत्रावर वाळवायचो. मीही सांगलीला सगळी तिकिटं तशीच जमवली. इथे ते करू नका. या छंदात पाकीट हीच वस्तू आहे. तिकीट सुटलं की दर, मार्ग, पत्ता, तारीख यांतलं काहीच सिद्ध करता येत नाही. कडा कापू नका, सेलोटेप लावू नका, जुन्या लोकांनी मागे पेन्सिलीने लिहिलेलं खोडू नका. मऊ प्लास्टिकच्या, वास येणाऱ्या पिशव्या टाळा, मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या, घ्या.

तर आज विकणाऱ्याला फक्त एवढं सांगा की विचार करून कळवते, आणि शिक्क्याचे दोन फोटो मागा. एक वरून, एक दिवा बाजूला तिरका धरून. पाकिटाची मागची बाजू आणि डावी कडही येऊ द्या. फोटो आले की ‘एन’ मध्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे ते मला लिहा. डावीकडे असेल तर शंभराच्या पुढे जाऊ नका. उजवीकडे असेल तर पैसे देण्याआधी मला दाखवा; माझ्याकडे मोंटानाच्या त्या शिक्क्याचे तीन पक्के ठसे आहेत, त्यांच्यावर ठेवून बघू.